हलत्या हाताचं घड्याळ

मी मनगटी घड्याळ बोलतोय. कान जरा जवळ आणा, कारण माझा आवाज बारीक आहे. भिंतीवरच्या घड्याळासारखे टोले देऊन घर डोक्यावर घेणं मला जमत नाही.

लोक म्हणतात मी फार भारी आहे. असेन. पण माझ्या पोटात सेल नाही, आणि मला किल्लीही देता येत नाही. बाजूची गुंडी नुसती काटे लावण्यापुरती. माझ्या पाठीशी अर्ध्या चंद्राच्या आकाराचा एक जड तुकडा आहे. घालणाऱ्याचा हात हलला की तो डोलतो, तो डोलला की आतल्या स्प्रिंगला पीळ बसतो, आणि मग मी चालतो. हात नाही तर मी नाही. मला घडवणाऱ्यांनी एकटं राहण्याची सोयच माझ्यात ठेवली नाही.

माझे काटे बसवणारी कारागीर बाई काम करताना श्वास रोखून धरायची. शेवटचा काटा बसला तेव्हा तिने सोडलेला श्वास माझ्या काचेवर उमटला. तिने तो लगेच फडक्याने पुसला. माणसाची पहिली ऊब मला मिळाली ती एवढीच.

तिथून मी कंपनीच्या झगमगीत दुकानात आलो. तिथे मला हातमोजे घालून उचलत. गंमत अशी, की मी दुकानात होतो पण विकायला नव्हतो. कुणी बोट दाखवलं की दुकानातली बाई गोड हसून म्हणायची, "हे फक्त बघायला आहे. आपण नंबर लावून ठेवा, आम्ही कळवू." विकायचं नाही तर दुकान कशाला उघडलं, असं विचारायचं कुणाच्या तोंडावर यायचं, पण एवढ्या गार हवेत आणि एवढ्या मऊ गालिच्यावर कुणाला भांडता येत नाही.

शेवटी दुकानाच्या एका नेहमीच्या गिऱ्हाइकाला मी मिळालो. त्याने सही केली, फोटो काढला, आणि कोपऱ्यावर उभ्या असलेल्या गाडीत मला तिसऱ्याच माणसाच्या हवाली केलं. त्याच्या मनगटाला माझा स्पर्शसुद्धा झाला नाही.

तो तिसरा माणूस म्हणजे भिंगकाका. एका चष्म्याच्या दुकानावरच्या मजल्यावर त्यांची खोली होती. बाहेर पाटी नाही, दाराला आतून दोन कड्या. ते कंपनीचे कुणी नव्हते. कंपनीकडे ज्यांचा नंबर लागत नाही त्यांना ते घड्याळं मिळवून देत. एका डोळ्याला सदा भिंग, म्हणून हे नाव. माणूस सरळ होता, पण त्याच्या धंद्यात सगळ्यात मोठा शब्द होता "कोरं". माझ्यावरची पारदर्शक फिल्म तशीच ठेवून त्यांनी मला तिजोरीत ठेवलं. तिथे माझ्यासारखी बरीच होती. सगळी कोरी, सगळी बंद, आणि प्रत्येकाची वेळ वेगळी. एकमेकांशी बोलावं तर कुणाची सकाळ, कुणाची संध्याकाळ.

एके दिवशी एक उंचापुरा माणूस आला. खिशातून त्याने दोऱ्याचा तुकडा काढला आणि काउंटरवर ठेवला.

"हे माप आहे," तो म्हणाला. "वडिलांच्या मनगटाचं."

भिंगकाकांनी मला काढलं. तो बराच वेळ बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "चालेल ना हे?"

"चालेल? अहो, पळतंय! बाजारात याच्याइतकं चालणारं दुसरं दाखवा मला."

मी तेव्हा ठार बंद होतो. माणसांच्या भाषेत वस्तू न चालताही चालते, हे मी त्या दिवशी शिकलो.

"फक्त फिल्म काढू नका," भिंगकाका म्हणाले. "कोरं ठेवलंत तर पुढे फायदा."

"विकायचं नाहीये. बाबांना घालायचंय."

भिंगकाकांनी डोळ्याचं भिंग काढलं आणि पहिल्यांदाच गिऱ्हाइकाकडे दोन्ही डोळ्यांनी पाहिलं. मग त्यांनी दोऱ्याच्या मापाने माझ्या पट्ट्याच्या कड्या कमी केल्या आणि फिल्म स्वतःच्या नखाने सोलून काढली. "रोज घाला म्हणावं त्यांना," ते म्हणाले. "हातात असलं की आपोआप चालतं."

बाबा जन्मभर लिफ्ट दुरुस्त करत. त्या कामात हात यंत्रात घालावे लागतात, म्हणून मनगटावर काही चढवायची सोय नाही. पण घरी येताना ते घड्याळांच्या काचेसमोर हमखास थबकायचे, आणि कडेवरच्या मुलाला म्हणायचे, "छोट्या, रिटायर झालो की एक घेऊ." रिटायर झाले, आणि थोड्याच दिवसांत अर्धांगाचा झटका आला. डावा हात गेला. छोट्या आता सहा फूट झाला होता, दुसऱ्या शहरात नोकरीला होता, आणि अजून छोट्याच होता.

मला हातात घेऊन बाबांनी उलटं केलं, कानाशी हलवलं. "अरे, हे तर लिफ्टच्या दुसऱ्या टोकाचं वजनच की! एक बाजू खाली, एक बाजू वर. शाब्बास!" ते लहान मुलासारखे हसले.

छोट्या मात्र हसला नाही. "बाबा, डॉक्टर म्हणालेत व्यायामाने हात सुधारेल. सुधारला तर राहा इथे. नाही सुधारला तर मी तुम्हाला एकटं ठेवणार नाही. माझ्याकडे यायचं. कबूल?"

"कबूल. बघच तू, महिनाभरात चेंडू फेकतो."

ते घर त्यांना सोडायचं नव्हतं. तिथल्या प्रत्येक खिळ्याशी त्यांची ओळख होती.

मला कुठल्या हातात घालायचं हा प्रश्नच नव्हता. माझ्या पट्ट्याची घडीची कडी एका हाताने बंद करता येते, पण ती दुसऱ्या मनगटावर. म्हणजे चांगल्या उजव्या हाताने मला बांधायचं तर डाव्याच हाताला. निर्जीव हाताला. त्या मनगटाची कातडी मऊ होती, ऊबही होती. माझ्या आयुष्यातलं ते पहिलं मनगट. मी वाट बघत बसलो. तो तुकडा डोलेना. बाबा रोज सकाळी हाताकडे टक लावून म्हणायचे, "हल रे, हल." हात ऐकत नसे. दोन दिवसांत मी बंद पडलो, आणि थोड्या दिवसांनी त्यांनी सांगणंही सोडून दिलं.

पण छोट्याचा फोन व्हिडिओचा असायचा, त्याला सगळं दिसायचं. फोनची वेळ झाली की बाबा मला काढायचे, उजव्या मुठीत धरून जोरजोरात हलवायचे, मग गुडघ्यांत पकडून नखाने गुंडी ओढून काटे लावायचे. एकदा शेजारच्या काकूंनी दारातूनच हे पाहिलं.

"काय हो भाऊ, खुळखुळा वाजवताय? कोण येणार आहे पाळण्यात?"

"व्यायाम आहे हा," बाबा ओशाळून म्हणाले.

"मग दुसऱ्या हाताचा करा की! हा तर आधीच पैलवान आहे."

काकू गेल्या. बाबांनी मला डाव्या मनगटावर चढवलं आणि तो हात उजव्या हाताने उचलून टेबलावर नीट मांडला. फोन लागला.

"बाबा, घड्याळ?"

"हे काय, चालतंय टिकटिक."

"आणि हात?"

"हलतोय की. फरक आहे."

मी चालत होतो, ते खोटं बोलत होते, आणि दोघांचंही एकमेकांवाचून अडत होतं. खरं सांगू? त्या मुठीतल्या हलवण्याइतकं सुख मला कधी मिळालं नाही. कुणीतरी माझ्यासाठी दमत होतं.

मग एका रविवारी छोट्या न सांगता आला. बाबा खुर्चीत पेंगत होते. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग खिशातल्या फोनकडे.

"बाबा, रोज घालता ना हे?"

"झोपतानासुद्धा काढत नाही."

"मग हे बंद कसं? हात हलतो म्हणता ना?"

"हलतो की." बाबांनी मांडीवरचा पंचा त्या हातावर ओढला.

छोट्याचा चेहरा लाल झाला. "म्हणजे फसवलं त्याने! ऑफिसात सगळे म्हणत होते, कंपनीबाहेरून घेऊ नको, नकली गळ्यात मारतात. चला, उठा. त्याच्या तोंडावर फेकतो हे."

"जाऊ दे ना रे. म्हाताऱ्याला वेळ बघून कुठं जायचंय?"

"जाऊ दे कसं? तुमच्यासाठी आणलेलं नकली निघावं?"

दोघं गाडीने भिंगकाकांकडे गेले. तिथे एक गिऱ्हाईक आधीच बसलं होतं. छोट्याने मला काउंटरवर आदळलं. भिंगकाकांनी माझी पाठ उघडली, भिंग लावलं, कोपरान् कोपरा पाहिला. "साहेब, हे अस्सल आहे." त्यांनी मला स्वतःच्या मनगटावर चढवलं, हात दोन-चारदा झटकला. मी चालायला लागलो. काय करणार? माझा स्वभावच तसा.

"वा! तुमच्या हातात चालतं आणि माझ्या बाबांच्या हातात नाही? जादूचे प्रयोग करता की काय?"

बसलेलं गिऱ्हाईक चुळबुळलं. समोर मांडलेलं घड्याळ हळूच बाजूला सारून ते जायला उठलं. भिंगकाकांचं तोंड उतरलं. त्यांच्या दाराला पाटी नव्हती. लोकांचा विश्वास हीच काय ती पाटी.

बाबा त्या गिऱ्हाइकाकडे बघत होते, मग भिंगकाकांकडे. फक्त गप्प राहायचं होतं. गप्प राहिले असते, तर घर राहिलं असतं.

"छोट्या," ते म्हणाले, "घड्याळ खरं आहे. हात खोटा आहे."

त्यांनी उजव्या हाताने डावा हात उचलला आणि काउंटरच्या काचेवर ठेवला. "याला सांग हलायला. मी सांगून थकलो."

छोट्या त्या हाताकडे बघत राहिला. भिंगकाकांनी स्वतःची खुर्ची पुढे सरकवली. "बसा बाबा," एवढंच ते म्हणाले.

पुढचं फार नाही. घर रिकामं झालं. छोट्याच्या फ्लॅटमध्ये बाबांना खिडकीजवळची खोली मिळाली. छोट्या सकाळी जातो, दिवे लागल्यावर येतो. मधल्या वेळात बाबा इमारतीच्या लिफ्टचा आवाज ऐकतात. "तिसऱ्या मजल्याचं दार घासतंय," असं कधीतरी म्हणतात. ऐकायला मी असतो.

पण तेही बैठकीच्या खोलीतून. मी बंद पडू नये म्हणून छोट्याने एक फिरती पेटी आणली आहे. वायर भिंतीत खोचली की ती मला गोल गोल फिरवते, दिवसभर. मी आता सेकंदाचीही चूक करत नाही. माझ्याकडे कुणी बघत मात्र नाही. पहिल्या दिवशी छोट्याने मला बाबांपुढे धरलं होतं. ते म्हणाले, "राहू दे. आता कुणाला दाखवायचंय?" व्यायाम करवणारी एक बाईही येते, ठरलेल्या वेळी बाबांचा हात वर-खाली करून जाते. तीही चुकत नाही.

छोट्या, तू वाईट नाहीस. पेटी शोधायला तू किती दुकानं पालथी घातलीस, मला माहीत आहे. पण एक ऐक. ती वायर काढ. मला त्या मनगटावर बांध, मी तिथे बंद पडलो तरी चालेल. आणि ऑफिसातून आलास की बूट काढायच्या आधी बाबांजवळ बस, त्यांचा तो हात तुझ्या हातात घे, आणि हलव. आमचं दोघांचंही काम होईल.