खालून ठोका आला नाही

"मी छत ठोकतेय तोवर समज, मी धड आहे. ठोके थांबले की धावत ये." खालच्या मजल्यावर एकट्या राहणाऱ्या काकूंनी हे मला बजावलं होतं, वर आपल्या दाराची एक किल्लीही हातात कोंबली होती. मी "हो हो" म्हटलं आणि किल्ली स्क्रूंच्या डब्यात टाकून दिली. आमची दोन वर्षांची चिमणी घरभर दुडदुडली की काकूंची काठी माझ्या पायाखाली वाजायची. थांबले ठोके तर सुंठीवाचून खोकला जाईल, असंच तेव्हा वाटलं होतं.

चिमणी झाल्यापासून माझी इलेक्ट्रॉनिक्सची पदवी कपाटात आणि कान तिच्या श्वासावर. त्या रविवारी मात्र दोन स्पीकर वाजवून दाखवायचेच, असं मी ठरवलं होतं. जुन्या कपाटाच्या दारांच्या दोन पेट्या, आत उशीतला कापूस, आणि मोडीत मिळालेले चार इंची स्पीकर. पेट्यांच्या कडा मी इतक्या घासल्या होत्या की चिमणीनं गाल टेकवला तरी कुसळ टोचू नये. पुढे जाळी होती, तिचं बोट आत जाऊ नये म्हणून.

"बाजारात तयार मिळतात की," नवरा पेपरामागून म्हणाला.

"तयार पोरंही मिळाली असती. मग मीच कशाला नऊ महिने थांबले?"

पेपर हलला नाही, पण मागून हसू ऐकू आलं.

सकाळी जोडणी करून गाणं लावलं, तर आवाज रिकाम्या पिंपातून आल्यासारखा. पोकळ, पातळ. खालून लगेच तीन ठोके.

"काकूंनीही नापास केलं, इंजिनीअरीणबाई!"

चूक माझीच होती. स्पीकरला जुन्या दिव्याची वायर लावली होती; तिच्या दोन्ही तारा एकाच तपकिरी रंगाच्या, म्हणून एकीला नेलपॉलिशचा लाल ठिपका द्यायचा होता. एक डोळा चिमणीवर ठेवून मी एका पेटीत दोन्ही तारांना ठिपके देऊन बसले होते. पेन्सिल सेल टेकवून पाहिला. एका स्पीकरचा पडदा टुणकन बाहेर आला, दुसऱ्याचा आत गेला. एक ढकलतोय, एक ओढतोय. दोघं मिळून आवाजच खाऊन टाकत होते.

दुपारी चिमणी झोपल्यावरच सोल्डरिंग आयर्न तापवलं. तारांची अदलाबदल केली, आयर्न निवायला वरच्या फळीवर ठेवलं, जाळ्या पुन्हा बसवल्या आणि तेच गाणं लावलं.

गाणारी बाई दोन पेट्यांच्या बरोबर मधोमध येऊन उभी राहिली! तिच्या मागचा ढोल तळपायांतून पोटऱ्यांत चढला. पेपर खाली पडला. चिमणी जागी झाली ती रडली नाही, थेट नाचायलाच लागली. नवऱ्यानं तिला खांद्यावर घेतलं. "अगं, हे तू केलंस?"

"मग काय शेजारणीनं?" मी आवाज आणखी वाढवला. कितीतरी दिवसांनी मला माझी ओळख पटत होती.

"आणि बघ, काकूसुद्धा खूश. एक ठोका नाही!"

माझं हसू तिथंच अडकलं. सकाळच्या पिचक्या आवाजाला तीन ठोके, आणि आता फरशी थरथरतेय तरी काकू गप्प?

मी आवाज बंद केला.

"आता काय झालं?"

"श्श." मी फरशीला कान लावला. टक. टक. काठी कशी अगदी पायाखाली लागते. हा आवाज खोलातून, लांबून येत होता.

स्क्रूंचा डबा हाताशीच होता. किल्ली घेऊन मी अनवाणी जिना उतरले.

काकू पलंग आणि कपाटाच्या मधे पडल्या होत्या. काठी पलंगाखाली घरंगळलेली, हातात स्टीलची वाटी.

"आलीस? मला वाटलं, सगळी मैफल आटपूनच येशील."

"काकू, किती वेळ..."

"दोन तास तरी. रडू नकोस, आधी सांग. सकाळी तुझ्या पेट्या भांडत होत्या, आता एका सुरात बोलतात. काय केलंस?" टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तीस वर्षं घालवलेले कान ते.

"तार उलटी होती," मी हुंदके देत सांगितलं. चिमणीला कडेवर घेऊन मागोमाग आलेला नवरा ॲम्ब्युलन्सला फोन करत होता.

खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं. रात्रभर तशाच राहिल्या असत्या तर कठीण होतं, असं डॉक्टर म्हणाले. आता काकू वॉकर घेऊन घरभर फिरतात आणि त्यांच्याही खोलीत माझ्या हातची एक जोडी वाजते. "ठिपका एकाच तारेला दे गं," ही सूचना त्यांनी न विसरता केली होती. किल्ली आता आमच्या दाराशी खिळ्यावर असते. काल चिमणी पलंगावरून उडी मारताच तीन ठोके आले, आणि मला इतकं बरं वाटलं की मी तिला म्हटलं, मार अजून एक.

तुमच्याही वर, खाली नाहीतर भिंतीपलीकडे असं एखादं कटकटं माणूस असेल. त्याची कटकट शेवटची कधी ऐकलीत? आठवत नसेल तर हे वाचणं तसंच ठेवा, आणि आधी त्याचं दार वाजवून या.