चटईखालचा माणूस

आपिआ या बेटावरच्या शहरातल्या कोर्टात मासिनाची साक्ष होती सकाळी दहाला, आणि इंधन कंपनीला पश्चात्ताप झाला त्याच दिवशी सकाळी सहाला. दोन वर्षं हा पश्चात्ताप कुठे पेंड खात होता, देव जाणे.

मासिना वीजमंडळात डिझेलची खरेदी बघायची. बंदरावरच्या सगळ्या टाक्या एकाच कंपनीच्या ताब्यात. मंडळाने दुसरीकडून स्वस्त डिझेल ठरवलं, तर कंपनीच्या हॉल्विनसाहेबांनी त्याचा थेंब टाकीत उतरू दिला नाही. वर धडा शिकवायला स्वतःचंही रोखून धरलं. मासिना विनवायला गेली तेव्हा म्हणाले, "तुमचं डिझेल करवंटीत भरून ठेवा." नऊ दिवस तिच्या गावात वीज नव्हती, दवाखान्यातल्या लसी नासल्या. मक्तेदारीचा सगळा खटला त्या एका वाक्यावर उभा होता, आणि ते ऐकणारी ती एकटी.

आता तिच्या मामांच्या, म्हणजे घराण्याचे प्रमुख आसिआता यांच्या अंगणात कुणीतरी उंची चटई पांघरून गुडघ्यांवर बसलं होतं. इफोगा, अपराध्याने माफी मागायची इथली जुनी रीत! घरच्यांनी चटई उचलून माणसाला आत घेतलं की माफी मिळाली. मग त्याच्याविरुद्ध घरातल्या कुणी तोंड उघडायचं नाही, कोर्टातसुद्धा. साहेबांच्या वकिलाने तेवढं बरोबर हुडकून काढलं होतं.

मामा स्वभावाने मऊ, आणि त्यांच्या शब्दापुढे जायची घरात रीत नव्हती. ऊन चढू लागलं तशी मामी हळूच म्हणाली, किती वेळ बसवायचं बिचाऱ्याला.

मामांनी चटई उचलली. खाली साहेबांचा ड्रायव्हर पाउलो, घामाने निथळत होता. अपराध्याच्या जागी बसायचं तर त्याच्या घरातल्या वडीलधाऱ्याने, हे इथल्या शेंबड्या पोरालाही कळतं. कंपनीने नोकर धाडला होता.

"साहेबांचे गुडघे दुखतात," पाउलो मान वर न करता म्हणाला.

मामांनी रस्त्याकडे पाहिलं. तिथे पांढरी मोटार उभी होती, काचा वर, आत गारवा चालू. मग त्यांनी पाउलोला दंडाला धरून उठवलं, घरात नेऊन शेजारी बसवलं आणि मामीला कोको आणायला सांगितला. संपलं सगळं, असं मासिनाला वाटलं. रागाने तिचे डोळे भरून आले.

"पाउलोला माफ केलं," मामा सगळ्यांदेखत म्हणाले. "कोर्टात त्याच्याविरुद्ध एक अक्षर बोलायचं नाही, पोरी."

"आणि साहेब?"

"चटईखाली मला एकच माणूस दिसला. जा, बस चुकेल तुझी."

मासिना फाइल घेऊन निघाली. मोटारीजवळून जाताना काच चार बोटं खाली आली. मिटलं ना सगळं, साहेबांनी विचारलं. ड्रायव्हर कुठे अडकला, हेही विचारलं.

"पाउलोचं मिटलं, तो कोको पितोय," मासिना म्हणाली. "तुमचं दहा वाजता."