गार पाय

गंगूबाईंनी आजारी माणसाच्या पायाला हात लावून मान हलवली की इंदूरच्या त्यांच्या भावकीत तो शेवटचा निकाल असे. वैद्य नाडी धरून बसेना का! पाय गार पडले म्हणजे गंगाजल काढायचं. बाईंचा हात आजवर एकदाही चुकला नव्हता आणि त्याचा त्यांना चांगलाच तोरा होता.

त्या दिवशी मात्र पाय त्यांच्या धाकट्या भावाचे होते. होळकरांचं संस्थान मध्यभारतात गेलं, घोडदळाचा रिसाला मोडला, या भावाचा, उदयसिंहांचा, घोडा सुटला. सराफा बाजारातलं रात्रीचं तिखटजाळ खाणं तेवढं सुटेना. सकाळी पोटातली जुनी जखम फुटली आणि रक्ताची उलटी करून ते कोसळले. दवाखान्यात त्यांना रक्त चढवलं, सलाइन लावलं, तरी रक्तदाब काही वर येईना. तेव्हा डॉक्टर दीनानाथांनी मुंबईहून आलेलं नवं औषध थेंब थेंब सुरू केलं.

दुपारी बाईंनी पांघरुणात हात घातला. पाय बर्फासारखे!

"गेला," त्या म्हणाल्या.

भावकी अशा कामात मोठी तत्पर. चुलतभाऊ बंडू तिरडीचे बांबू आणायला निघालादेखील. इकडे डॉक्टर दंडाला पट्टा बांधून सांगत होते, की रक्तदाब चढतोय, तब्येत सुधारतेय. पोरगेला डॉक्टर, त्याला काय कळतंय, असं बाईंना वाटलं. पण तोंडानं गेला म्हटलं तरी जीव थोडाच मानतो! त्यांनी नर्सची नजर चुकवून गरम पाण्याची रबरी पिशवी भावाच्या तळव्यांशी ठेवली आणि सुंठ चोळायला घेतली. घरात पिढ्यान् पिढ्या हेच करत आले होते.

थोड्याच वेळात रक्तदाब घसरला. डॉक्टर धावत आले, त्यांनी पांघरूण उचललं, पिशवी काढून फेकली आणि थेंब वाढवले. पट्ट्यावरचा आकडा पुन्हा चढेपर्यंत ते खाटेपासून हलले नाहीत.

"बाई, पाय या औषधानं गार पडलेत," मग ते म्हणाले. "ते हातापायांच्या नसा आवळतं, म्हणून आहे तेवढं रक्त काळजाला आणि मेंदूला मिळतं. तुम्ही पाय शेकलेत की रक्त पुन्हा तिकडे पळतं."

"और पायांचं काय, डॉक्टरसाब?"

"फार वेळ आवळून राहिलं तर बोटं काळी पडतील, कापावीही लागतील. पण पहिले माणूस वाचू द्या."

बाईंची पाचावर धारण बसली. आपल्याच हातानं आपण भावाला मारायला निघालो होतो! आता मी काय करू, असं त्यांनी विचारलं, तर डॉक्टर म्हणाले, काही करू नका. वाटलं तर नुसता हात ठेवा, चोळायचं नाही.

जन्मभर चोळत आलेल्या हाताला हे सांगणं म्हणजे शिक्षाच. गार पावलं धरून बाई बसून राहिल्या. बोटं शिवशिवत होती. बंडूनं दारातून डोकावून बांबू आणल्याचं कळवलं. "वापस कर," बाई खेकसल्या. बांसवाला वापस घेत नाही, असं तो पुटपुटला, पण त्यांचे डोळे पाहून गुपचूप चालता झाला.

डॉक्टर अधूनमधून येत, दाब पाहत, थेंब कमी करत. दिवस कलताना बाईंना टाच किंचित कोमट लागली. त्यांचा विश्वासच बसेना. ही ऊब आपल्याच हाताची असेल. त्यांनी तळहात खाटेच्या लोखंडी दांडीवर गार करून घेतला आणि पुन्हा लावला. टाच कोमटच होती. तरी मान न हलवता त्यांनी आधी डॉक्टरांना बोलावलं. डॉक्टरांनी बोटं एकेक करून दाबून पाहिली आणि ते हसले.

तेवढ्यात उदयसिंहांनी डोळे किलकिले केले.

"अक्का, तू 'गेला' म्हणालीस ते मी ऐकलं," ते अगदी हळू म्हणाले. "मला वाटलं, अक्का म्हणते म्हणजे गेलोच असेन. फिर सोचा, गेलोय तर ही अजून पाय धरून का बसलीय?"

थोरल्या बहिणीनं धाकट्याच्या पाया पडायचं नसतं, हे बाईंच्या ध्यानातही राहिलं नाही. त्या पावलांवर डोकं टेकून त्या पोटभर रडल्या.