कवळीकाकांची चकाकी

कवळीकाकांनी छत्तीस वर्षं लोकांचे दात बनवले. निवृत्त झाल्यावर हातांना काम उरलं नाही, पण नजर काही निवृत्त झाली नाही. घरी आलेल्या माणसाशी ते डोळ्यांत बघून बोलायचे नाहीत, तोंडात बघून बोलायचे. सुनेच्या ऑफिसातल्या साहेबीणबाई एकदा चहाला आल्या. काकांनी कप पुढे करायच्या आधीच सांगितलं, "वरच्या दाढेची टोपी बदलून घ्या, रंग जुळत नाही." त्या बाई पुन्हा फिरकल्या नाहीत. पुढच्याच आठवड्यात सुनेनं काकांचं नाव मण्यांच्या क्लासला घातलं.

"बाबा, तुमच्या हातात कला आहे," ती म्हणाली.

"मी घरात नको आहे, असं सरळ सांग."

"मंगळवार आणि शुक्रवार," सून म्हणाली. "चार ते सहा."

क्लास एका लॉन्ड्रीच्या वरच्या मजल्यावर होता. खालून इस्त्रीची वाफ यायची आणि वर अकरा बायका लांबलचक टेबलाभोवती पॉलिमर क्ले मळत बसलेल्या असायच्या. ती मऊ माती मळायची, गोळ्या वळायच्या, टूथपिकनं भोकं पाडायची आणि छोट्या ओव्हनमध्ये भाजायची. एवढं झालं की वरून रेझिनचा थर देऊन काचेसारखी चकाकी आणायची. शिकवणाऱ्या मॅडमनी हे सगळं दोन वर्षांपूर्वी मोबाइलवर बघून उचललं होतं. शिकवण्याची त्यांची पद्धत सोपी होती. त्या कौतुक करायच्या. कुणाचा मणी चेपलेल्या वाटाण्यासारखा झाला तरी डोळे मिटून म्हणायच्या, "किती आतून आलंय हे." बायका खूश होऊन पुढच्या महिन्याची फी भरायच्या.

काकांचे मणी आतून आले नाहीत. ते कॅलिपरनं मोजून आले. पहिल्या दिवशी त्यांनी दोन तासांत चार मणी केले आणि त्यातले तीन मोडले.

तिसऱ्या आठवड्यात रेझिनचा दिवस उजाडला. मॅडमनी एका बाटलीतून रेझिन कपात ओतलं, दुसऱ्या बाटलीतून हार्डनर ओतलं, आणि मग हार्डनरची अजून एक धार सोडली.

काकांना राहवलं नाही. "मॅडम, बाटलीवर एकास एक लिहिलंय. मापानं घ्यायला हवं."

"काका, हार्डनर जास्त घातलं की लवकर कडक होतं. नावातच आहे ना."

"तसं होत नाही. जास्तीचं हार्डनर आत तसंच राहतं, आणि मणी चिकट राहतो."

मॅडम हसल्या. त्या हसल्या म्हणून अकरा बायका हसल्या. "काका, ही काही कवळी नाही. इथे माप लागत नाही, मन लागतं. तुम्ही नवीन आहात, थोडे दिवस नुसतं बघा."

काकांचे कान लाल झाले. ते म्हणाले, "बरं, बघतो." आणि पुढचे पाच आठवडे आपले मणी करता करता मॅडमचं रेझिन त्यांनी खरोखरच नुसतं बघितलं. अपमान झालेला माणूस ज्या चवीनं गप्प बसतो, त्या चवीनं ते गप्प बसले.

क्लासच्या शेवटी प्रदर्शन होतं. उद्घाटनाला एका बँकेच्या मोठ्या बाई येणार होत्या. त्यांना भेट म्हणून मॅडमनी स्वतः एक माळ केली. सुपारीएवढे निळे मणी, त्यावर रेझिनचा असा जाड थर की प्रत्येक मण्याखाली एकेक थेंब लोंबत गोठला होता. अर्थात, पुरता गोठला नव्हताच. आदल्या दिवशी काकांनी जाता जाता एका मण्याला बोट लावलं. बोट निघालं, पण ठसा तिथेच राहिला.

"उद्यापर्यंत वाळेल," मॅडम म्हणाल्या.

"हो," काका म्हणाले. घरी येऊन ते दोन घास जास्त जेवले.

सकाळी मणी होते तसेच होते. मॅडमनी त्यावर पावडर फासली आणि फुंकून टाकली. चकाकी गेली, पण हाताला लागेनासं झालं. बँकेच्या बाई आल्या, माळ गळ्यात पडली, टाळ्या झाल्या. बाईंनी हस्तकलेवर वीस मिनिटं भाषण केलं. तेवढ्या वेळात दिव्यांच्या उष्णतेनं आणि घामानं पावडर विरघळली. खाली बसताना त्यांनी मान वळवली आणि त्यांच्या तोंडून बारीक आवाज निघाला. गळ्याशी बांधलेला रेशमी रुमाल माळेला चिकटला होता, आणि मानेवरचे केसही.

मॅडमनी ओढून बघितलं. बाईंनी त्यांचा हात धरला. "ओढू नका," त्या शांतपणे म्हणाल्या, आणि त्या शांतपणात अख्ख्या हॉलचा जीव गेला.

काका उठले. कुणाकडे तरी तेल मागितलं, कापूस मागितला. "मान खाली करा. हलू नका. दुखलं तर डावा हात वर करा." छत्तीस वर्षं पेशंटला सांगितलेली वाक्यं आपोआप बाहेर पडली. एकेक केस तेलानं सोडवायला पाऊण तास लागला. रुमाल मात्र कापावा लागला. सुटका झाल्यावर काका म्हणाले, "तुमच्या खालच्या दातांचा ब्रिज सैल आहे, बोलताना वाजतो." बाईंनी त्यांच्याकडे बघितलं आणि त्यांचा फोन नंबर लिहून घेतला.

लोकांची नजर मग काकांच्या टेबलावर गेली. तिथे त्यांची माळ होती. मणी एकसारखे, पॉलिश पेपरनं पाण्यात घासलेले, रेझिनचे दोन पातळ थर, एकही बुडबुडा नाही, भोकात एक थेंब नाही. रंग हस्तिदंती, भोकाकडे किंचित पिवळट. सगळ्यांनी वाकून बघितलं. शेवटी एक बाई म्हणाली, "काका, काम छान आहे. पण माळ हसतेय."

काकांनी चष्मा लावून नीट पाहिलं. बत्तीस मणी होते. ते त्यांनी मोजून केले नव्हते. ती माळ कुणी घेतली नाही.

घरी सुनेनं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "म्हणजे माळ चिकटणार हे तुम्हाला आदल्या दिवशीच माहीत होतं?"

"मला बोलायची मनाई होती."

"आणि ती बँकेची बाई? तिनं तुमचं काय बिघडवलं होतं?"

काकांनी कॅलिपर काढला आणि ते तो उघडत-मिटत बसले.

मॅडमच्या क्लासमधल्या सहा बायका काकांकडे शिकायला आल्या. काकांनी पहिले दोन तास त्यांना नुसते मणी घासायला लावले. दुसऱ्या दिवशी वजनकाट्यावर थेंब मोजायला लावले. कौतुक एकदाच केलं, "हा टाकून देण्याइतका वाईट नाही." तिसऱ्या दिवशी तिघी आल्या, चौथ्या दिवशी कुणीच नाही. सगळ्या परत मॅडमकडे गेल्या. मणी चिकट निघाले तरी तिथे निदान आतून आलेले असत.

महिन्याभरानं मॅडमचा फोन आला. नव्या बॅचला रेझिन कालवून द्यायला कुणीतरी हवं होतं. शिकवायचं नाही, फक्त कालवायचं. काकांनी नाही म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात समोर सुनेचा चेहरा दिसला. ते हो म्हणाले.

नव्या बॅचसमोर मॅडमनी दोन्ही बाटल्या वर धरल्या. "एकास एक," त्या म्हणाल्या. "किती प्रयोग केले, किती मणी फुकट गेले, तेव्हा कुठे मला हे प्रमाण सापडलं." बायकांनी वह्यांत लिहून घेतलं.

काकांनी मान वर केली नाही. मिश्रण तीन मिनिटं न थांबता ढवळायचं असतं, आणि अजून सव्वा मिनिट बाकी होतं.