डिंकाखालची बातमी

मी एक जुनी कात्री आहे. जन्म मेरठचा, पण आयुष्य गेलं डोंबिवलीत, कोपर स्टेशनजवळच्या एका चार मजली इमारतीत. सरोजकाकूंनी मला कल्याणच्या बाजारातून आणलं ते ब्लाउज बेतायला. तेव्हा माझी धार अशी होती की शेजारणी मला मागून न्यायच्या. या कात्रीने कागद कापायचा नाही, असा काकूंचा घरात कडक नियम होता.

मग हरिहरकाका बँकेतून निवृत्त झाले आणि नियम मोडला.

मित्रांनो, त्याच सुमारास पालिकेची नोटीस आली होती. इमारत धोकादायक आहे, घरं रिकामी करा. काकांनी हे घर पोटाला चिमटा काढून घेतलं होतं. त्यांना ते पटेना. नोटिसा म्हणजे बिल्डरांचा डाव, असं पेपरात कुठे आलं की ते मला शोधत. कात्रण वहीत चिकटे. उलट काही छापून आलं, तर ते पान न वाचताच रद्दीत जाई. कापून कापून मी बोथट झाले.

एकदा मतं मागायला नगरसेवक आले. काकांनी हौसेने वही पुढे केली. साहेबांनी ती सावकाश चाळली. आठवड्याने ते भर सभेत म्हणाले, "या नोटिसा म्हणजे बिल्डरांचा डाव आहे. तुमच्या इमारती अजून पन्नास वर्षं हलणार नाहीत!" टाळ्याच टाळ्या. दुसऱ्या दिवशी भाषण छापून आलं. काकांनी तेही कापलं.

"बघ सरोज, आता साहेबसुद्धा तेच म्हणतायत!"

आपलंच म्हणणं फिरून आपल्याकडे आलंय, हे त्यांच्या लक्षातच आलं नाही. माझ्या आलं होतं, पण मला कोण विचारतो?

पुढे भिंतीच्या ओलीने ते कात्रण सुटलं. काकूंनी उचललं आणि मागची बाजू वाचली. आंबिवलीत एका इमारतीचा स्लॅब कोसळला होता. तिलाही नोटीस होती. इतके दिवस ही बातमी वहीतच होती, डिंकाखाली.

"अहो, हे वाचा."

"अगं, त्यांचं बांधकामच कच्चं असणार. आपलं वेगळं आहे."

काकू वाद घालून थकल्या होत्या. त्या ठाण्याला बहिणीकडे, शीलाकडे निघून गेल्या. शिलाई मशीन नेलं, मला नेलं नाही. मला वाईट वाटलं. हळूहळू बाकीची बिऱ्हाडंही गेली.

काल स्वयंपाकघरात छताचा परातीएवढा तुकडा पडला. काकांनी तो झाडून भरला, पेपर उघडला आणि मला हातात घेतलं.

मित्रांनो, माझ्या धारेची काळजी आता कुणी केली नाही तरी चालेल. पण काकांना तेवढं खाली बोलवा. त्यांना नोटीस दाखवू नका, आंबिवलीचं नाव काढू नका. ही साहेबांचीच रीत, मला सांगायला लाज वाटते, पण दुसरी उरली नाही. रस्त्यावरूनच हाक मारा, "काका, तुमचंच बरोबर होतं! जरा खाली येऊन सगळ्यांना समजावून सांगा!"

ते वही घेऊन लगेच उतरतील.