दुनळी वाजली का?

"वहिनी, हे बघा!" म्हणत दातांच्या डॉक्टरांनी शर्टाची दोन बटणं सोडली आणि काळानिळा पडलेला खांदा उघडा केला. कौतुकाने! हातात चहाचे कप घेऊन ती उभी, आणि समोर हा घोडा झालेला माणूस केसाळ खांदा दाखवून हसतोय. तिला शिसारी आली.

"हलक्या बंदुकीत मजा नाही हो. अशी जुनी, जाड नळ्यांची दुनळी खांद्याला लावायची आणि धडाम! टाचेपर्यंत हादरतो माणूस. आठवडाभर दुखतं, पण काय बरं वाटतं म्हणून सांगू!"

'लाथा खायची एवढी हौस, तर गाढव पाळा,' असं अगदी ओठांवर आलं होतं. तिने कप पुढे केला.

पुढच्या खोलीत दुकान आणि मागे संसार. उशीला बंदुकीच्या तेलाचा वास, टॉवेलला तोच. नवरा मिस्त्री, जुन्या बंदुका दुरुस्त करायचा आणि प्रत्येक स्वतः उडवून बघायचा. उडवून आला की चेहरा असा काही खुलायचा, की तसा तो तिच्यासाठी कधी खुलला नाही. मेल्या त्या बंदुका! त्यांनीच त्याचे कान खाल्ले. आता कुकरची शिट्टीही त्याला ऐकू येत नव्हती. गिऱ्हाइकाच्या ओठांकडे बघून तो वेळ मारून न्यायचा. हे तिच्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं.

मिस्त्रीने डॉक्टरांच्या नव्याने घेतलेल्या दुनळीच्या नळ्या लाकडापासून सोडवल्या, दोरा अडकवून टांगल्या आणि हातोडीच्या दांड्याने हलकेच ठोकल्या. नळ्या धड असल्या की घंटेसारख्या घुमतात. त्यांच्यामधला सांधा उसवला असेल, तर आत ओल शिरते, गंज चढतो आणि एक दिवस नळी फुटून डाव्या हाताची बोटं नेते. ऐकून ऐकून तिलाही हे पाठ झालं होतं.

थप्प.

"वा! घंटा आहे घंटा," मिस्त्री म्हणाला. "बिनधास्त न्या."

डॉक्टरांना त्यातलं काय कळणार! त्यांनी खुशीत मान डोलावली.

जाऊ देत बोटं, एकदाची हौस तरी फिटेल, असं क्षणभर तिच्या मनात आलं. मग तिला स्वतःचीच किळस आली. पण बोलावं, तर नवऱ्याच्या हातचं काम जाणार.

"अहो," ती म्हणाली. त्याला ऐकू गेलं नाही. तिने त्याची बाही ओढली. "अहो, नाही वाजली."

"काय?"

"थप्प झालं. घुमली नाही."

डॉक्टरांनी आधी तिच्याकडे, मग मिस्त्रीच्या कानांकडे बघितलं. काय ते त्यांच्या लक्षात आलं. "राहू द्या मग. दुसरीकडे दाखवतो," म्हणत त्यांनी बटणं लावली आणि सुट्या नळ्या नि लाकूड उचलून ते चालते झाले. चहा तसाच राहिला.

आता हा ओरडणार, म्हणून ती कप गोळा करत राहिली. तो ओरडला नाही. तो उठला, दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या नळ्या दोऱ्याला टांगल्या आणि ठोकल्या.

खोलीभर नाद घुमला, लांब आणि स्वच्छ. जन्मभर तिने त्याच नादाला शिव्या घातल्या होत्या.

मिस्त्री नळ्यांकडे बघतच नव्हता. तो तिच्या तोंडाकडे बघत होता.

तिने कप खाली ठेवले, ओठ नीट दिसतील अशी त्याच्याकडे वळली आणि म्हणाली, "वाजली."