मार्सेलसाठी ठेवलेली चूक

गासच्या वाडीत सोनचाफ्याची तोडणी आटोपली की काशिनाथ मास्तर ओटीवर संगणक उघडून बसत. मुलांना संगणक शिकवण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. शाळेचा मेल सर्व्हर, म्हणजे सगळ्यांच्या ईमेलची ने-आण करणारी यंत्रणा, त्यांनी आणि शाळेतल्याच त्यांच्या मित्राने, माणिकपूरच्या मार्सेलने, मिळून उभा केला होता. मग मार्सेल लेकीकडे कॅनडाला गेला. आधी त्याच्या मेल वरचेवर यायच्या, पुढे फक्त नाताळला, आणि एका वर्षी नाताळलाही आली नाही. जुना पत्ता बंद पडला, फोनही लागेना.

तेव्हा मास्तरांनी एक बेत केला. मार्सेल ज्या संकेतस्थळावर पूर्वी रोज रेंगाळायचा, तिथे त्यांनी मेल सर्व्हरच्या सॉफ्टवेअरवर मराठीत नवा चर्चागट काढण्याचा प्रस्ताव मांडला. तिथला नियम असा, की सोबत नमुन्याचे प्रश्न आणि उत्तरं द्यायची, आणि मुदतीत पुरेसे पाठीराखे मिळाले तरच गट उघडायचा.

नात रिद्धी चहा घेऊन आली आणि उभ्या उभ्या वाचू लागली. ग्रुपच हवा तर व्हॉट्सअ‍ॅपवर आत्ता करून देते, म्हणाली. मास्तरांनी तिला समजावलं, की तिथलं बोलणं वाहून जातं. इथे मात्र उशिरा आलेल्यालाही सापडतं.

तेवढ्यात ती थबकली. "आजोबा, हे उत्तर चुकलंय. अनोळखी सर्व्हरकडून मेल आली की कायमची नाकारायची, असं लिहिलंत. तुम्हीच शिकवलं होतं ना, थोड्या वेळाने ये म्हणून सांगायचं. खरा असेल तो परत येतो, भामटा थांबत नाही."

"बरोबर आहे तुझं."

"मग बदला की."

"राहू दे. मार्सेलला चूक दिसली की त्याचा हात शिवशिवतो. शाळेत फळ्यावर माझा एक शब्द चुकला, तर वर्गात शिरून पुसायचा."

रिद्धी हसली, पण मास्तर हसले नाहीत, तेव्हा तिने चहाचा कप त्यांच्यापुढे सरकवला.

पाठीराखे एकेक करून आले. कोणी गोखिवऱ्याच्या कारखान्यात काम करणारा, कोणी नागपूरचा. मुदत संपत आली तरी एक कमीच होता. एका सकाळी रिद्धी धावत ओटीवर आली. पाठिंबा पुरा झाला होता, आणि शेवटच्या माणसाने चूकही दाखवली होती.

मास्तरांनी चष्मा पुसला आणि वाचलं. 'माफ करा सर, माझ्या मते मेल कायमची नाकारू नये.' खाली केयूर असं नाव होतं.

"माफ करा," मास्तर हळूच म्हणाले. "माझ्या मते." मार्सेलने जन्मात कोणाची माफी मागितली नव्हती, आणि त्याच्या मताला 'माझ्या मते' कधी लागलं नव्हतं.

तरी त्यांनी केयूरला शाळेतल्या मुलासारखी शाबासकी लिहिली, आणि चूक का होते ते पायरी पायरीने समजावलं. गट उघडला. पहिल्याच दिवशी प्रश्नांची रीघ लागली.

"आता वरचं उत्तर दुरुस्त करू?" रिद्धीने विचारलं. "लोक हसतील आजोबा तुम्हाला."

मास्तरांनी चाफ्याच्या रिकाम्या टोपलीकडे पाहिलं, मग पडद्याकडे.

"हसू देत," ते म्हणाले. "अजून एकाचं वाचायचं राहिलंय."